ब्राउनआउट की वॉचडॉग? बोर्ड सारखं रीसेट होतंय तेव्हा

ईएसपी३२ बोर्डात (वाय-फाय असलेल्या छोट्या मायक्रोकंट्रोलर चिपच्या बोर्डात) कोड चढवला आणि सिरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या संगणकावरच्या खिडकीत, त्याच बूटच्या ओळी पुन्हा पुन्हा यायला लागल्या, की बहुतेक जण आधी कोडमध्ये शिरतात. कधीकधी दोष तिथे असतोही. पण बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या या रीस्टार्टमागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात, आणि त्यांची गल्लत झाली की चांगला चाललेला कोड उगाच मोडला जातो.

ब्राउनआउटचा संबंध व्होल्टेजशी आहे. चिप ३.३ व्होल्टवर चालते. पुरवठा साधारण २.४३ व्होल्टच्या खाली घसरला की आतला डिटेक्टर, मूळ सेटिंगमध्ये, चिप रीसेट करतो. वॉचडॉग, म्हणजे अडकलेला कोड ओळखणारा टायमर, मात्र वेळ मोजतो. एखाद्या टास्कने (कोडमधल्या एका स्वतंत्र कामाने) प्रोसेसर अडवून ठेवला तर टास्क वॉचडॉग मूळ सेटिंगप्रमाणे ५ सेकंदांनी ओरडतो. इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून लगेच हाताळायच्या सूचना, अडल्या की ओरडणारा इंटरप्ट वॉचडॉग त्याहून कडक, ३०० मिलिसेकंदांचा.

म्हणून बोर्ड नेमकं कधी पडतं ते बघा. वाय-फाय सुरू होण्याच्या क्षणीच पडत असेल तर संशय आधी पुरवठ्यावर घ्यावा. सिग्नल पाठवताना चिप क्षणभर मोठा करंट ओढते, म्हणून डेटाशीटमध्ये किमान ५०० मिलिअँपिअर देऊ शकणारा पुरवठा सांगितला आहे. लांब, बारीक तारेची यूएसबी केबल इथे मार खाते. मल्टिमीटरवर ३.३ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. इतक्या छोट्या वेळेची घसरण त्यावर दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. तो नसेल तर कोडला हात न लावता आखूड, जाड केबल लावून पाहा. वाय-फायची ओळ काढून केलेली चाचणी मला पुरेशी वाटत नाही, कारण तिने करंटही कमी होतो आणि कोडही बदलतो.

लॉगमध्ये एक फसवी जागा आहे. ब्राउनआउट झाल्यावर पुढच्या बूटच्या ओळीत बरेचदा कारण म्हणून ‘एसडब्ल्यू सीपीयू रीसेट’ छापलेलं असतं आणि माणूस सॉफ्टवेअरच्या मागे लागतो. खरं कारण त्याच्या वरच्या ओळीत असतं: ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’. तेव्हा वरची ओळ आधी वाचा. आणि डिटेक्टर बंद करून टाकायचा जो उपाय सर्रास सुचवला जातो, तो कृपा करून वापरू नका. व्होल्टेज तितकाच खाली जातो, फक्त सांगणारं कोणी उरत नाही, आणि तेवढ्यात फ्लॅशवर (कोड आणि डेटा साठवणाऱ्या मेमरीवर) काही लिहिलं जात असेल तर तो डेटा बिघडू शकतो.

टास्क वॉचडॉग निदान अडकलेल्या टास्कचं नाव तरी छापतो. सेन्सरच्या उत्तराची वाट बघत फिरणारा, मध्ये जरासाही डिले नसलेला व्हाइल लूप हा नेहमीचा गुन्हेगार. वाट बघण्याला मर्यादा घाला आणि लूपमध्ये छोटा डिले ठेवा, म्हणजे आयडल टास्कला (प्रोसेसर रिकामा असताना चालणाऱ्या टास्कला) संधी मिळते.

पण वॉचडॉगचं नाव दिसलं म्हणजे दोष कोडचाच, असंही नाही. ‘फ्लॅश रीड एरर, १०००’ आणि सोबत ‘आरटीसीडब्ल्यूडीटी आरटीसी रीसेट’ (हा आणखी एक वॉचडॉग) असं येत राहिलं तर तुमचा कोड अजून सुरूच झालेला नाही. बूट होताना चिप जीपीआयओ १२ ही पिन वाचून फ्लॅशचा व्होल्टेज ठरवते. तिथे जोडलेल्या एखाद्या मॉड्यूलने ती पिन हाय (म्हणजे ३.३ व्होल्टच्या आसपास) धरली तर ३.३ व्होल्टच्या फ्लॅशला १.८ व्होल्ट मिळतात, वाचन फसतं आणि वॉचडॉग रीसेट करतो. एसडी कार्ड चार-बिट पद्धतीने जोडलं की हे हमखास भेटतं, कारण त्याची एक डेटा लाइन याच पिनवर येते आणि तिला पुल-अप (लाइन हाय ठेवणारा रेझिस्टर) लागतो. जीपीआयओ १२ ची तार काढून बोर्ड पुन्हा चालू करा. बूट झालं, तर ती जोडणी दुसऱ्या पिनवर न्या. एसडी कार्ड असेल तर एक-बिट पद्धत वापरा, म्हणजे ही पिन लागतच नाही. ई-फ्यूज (चिपमधला एकदाच लिहिता येणारा बिट) जाळून फ्लॅशचा व्होल्टेज ३.३ वर कायमचा पक्का करता येतो, पण तो बदल मागे घेता येत नाही, त्यामुळे तो सगळ्यात शेवटी.