नोझावा ओन्सेन : भेटीचे नियोजन

नोझावा ओन्सेन हे जपानच्या होन्शू बेटावरील नागानो प्रांताच्या उत्तर भागात असलेले गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव व स्की-केंद्र आहे. सुमारे 1,650 मी. उंचीच्या केनाशी पर्वताच्या उतारावर, साधारण 560 मी. उंचीवर हे गाव वसलेले आहे. परदेशी पर्यटक येथे मुख्यतः हिवाळ्यात स्कीसाठी येतात. परंतु झऱ्यांच्या स्नानासाठी येथे येण्याचा प्रघात स्कीपेक्षा कितीतरी जुना आहे आणि गावाची दिनचर्या आजही त्या झऱ्यांभोवतीच फिरते. त्यामुळे येथील भेट आखताना बर्फाच्या अंदाजाइतकेच गावाचे स्वतःचे वेळापत्रक पाहणे हिताचे ठरते.

स्कीची सुरुवात गावकऱ्यांनीच केली. 1923 मध्ये येथे स्की क्लब स्थापन झाला, 1930 मध्ये आधुनिक स्की-शिक्षणाचे प्रणेते मानले जाणारे ऑस्ट्रियन प्रशिक्षक हानेस श्नायडर येथे येऊन गेले (त्यांच्या नावाचा उतार अजूनही आहे) आणि 1950 मध्ये स्की करणाऱ्यांना उतारावर वर नेणारी पहिली लिफ्ट उभी राहिली. 1998 च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमधील बायॅथलॉनच्या (स्की व नेमबाजी एकत्र असलेल्या) स्पर्धा याच गावात झाल्या. एखाद्या कंपनीने मोकळ्या डोंगरावर हॉटेले बांधून उभारलेले हे केंद्र नसल्याने येथे मोठी हॉटेले थोडी आणि कुटुंबे चालवत असलेली मिन्शुकू व र्‍योकान ही निवासस्थाने जास्त आहेत. खोल्यांची संख्या मर्यादित असल्यामुळे नववर्षाची सुट्टी आणि जानेवारी-फेब्रुवारी या काळासाठी कित्येक महिने आधी आरक्षण करावे लागते.

हिवाळ्यात सायबेरियावरून येणारे थंड, कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून वाहताना बाष्प शोषून घेतात आणि होन्शूच्या पश्चिमेकडील डोंगरांना अडून वर चढताना ते बर्फाच्या रूपाने टाकून देतात. नोझावा या पट्ट्यात येते. हंगाम साधारणपणे नोव्हेंबरच्या अखेरीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत चालतो. मात्र भुसभुशीत, कोरडा बर्फ हवा असेल तर जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर हाच काळ धरावा. त्याच दिवसांत आकाश बहुतेक ढगाळ असते आणि माथ्यावर समोरचे दिसत नाही, हेही गृहीत धरावे. मार्चमध्ये ऊन पडू लागते, गर्दी ओसरते आणि नवशिक्यांना शिकणे सोपे जाते. एप्रिलमध्ये खालच्या उतारांवरचा बर्फ वितळतो. तेव्हा माथ्यावरच्या यामाबिको भागात स्की करून खाली उतरताना गोंडोलाने (तारेवरून जाणाऱ्या बंद डब्याने) यावे लागते. माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा उतार उंचीने 1,000 मीटरपेक्षा जास्त असून अनुभवी माणसाला तो सलग उतरता येतो. प्रथमच स्की पायात चढवणाऱ्याने पायथ्याच्या हिकागे भागातच एक-दोन दिवस शिकवणी घ्यावी. गावातून तेथपर्यंत छप्पर असलेला सरकता पट्टा आहे. जड बूट घालून चढण चढण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात. स्की, बूट आणि बर्फातील कपडेही गावात भाड्याने मिळत असल्याने एका भेटीसाठी ते विकत घेण्यात अर्थ नाही.

हिवाळी भेटीची तारीख ठरवताना 15 जानेवारी हा दिवस ध्यानात ठेवावा. त्या रात्री, वार कोणताही असो, दोसोजिन या वाटेच्या रक्षक देवतेचा अग्निउत्सव होतो. राष्ट्रीय पातळीवर महत्त्वाचा लोकसांस्कृतिक वारसा म्हणून तो मान्यता पावलेला आहे. डोंगरातून आणलेल्या बीच वृक्षांच्या लाकडाचा एक उंच मनोरा उभारला जातो. जपानी समजुतीप्रमाणे पुरुषाच्या आयुष्यातील अनिष्ट मानलेल्या वयांपैकी बेचाळीस वर्षांचे पुरुष त्यावर बसतात आणि पंचवीस वर्षांचे तरुण पायथ्याशी पहारा देतात. बाकीचे गावकरी पेटत्या मशाली घेऊन मनोऱ्यावर चालून जातात. तरुण हातातल्या पाइनच्या फांद्यांनी ज्वाला झोडपून विझवतात, ठिणग्या प्रेक्षकांच्या अंगावरही उडतात. झुंज संपली की मनोरा विधिपूर्वक पेटवून दिला जातो. पाहणाऱ्यांनी ठिणगीने भोक पडले तरी चालेल असे जुने कपडे घालावेत; नायलॉनचे महागडे जाकीट मुक्कामी ठेवलेले बरे. उत्सवाच्या आसपास खोली मिळणे दुरापास्त असते.

गावात सोतोयु म्हणून ओळखली जाणारी 13 सार्वजनिक स्नानगृहे आहेत. आसपासच्या घरांची मंडळे त्यांची झाडलोट व देखभाल करतात, आणि पाहुण्यांना प्रवेश विनामूल्य असून दारातल्या पेटीत यथाशक्ती पैसे टाकण्याची रीत आहे. लाकडी बांधणीचे ओयु हे त्यांतले सर्वांत परिचित. आत बहुधा एकच खोली असते: कपडे ठेवायचे कप्पे तेथेच, कुंड तेथेच, आणि शॉवर नाही. स्त्री-पुरुषांची व्यवस्था वेगळी असली, तरी वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत कपड्यांनिशी उतरायची सवय असलेल्यांना येथे पूर्ण विवस्त्र होऊन उतरण्याचा संकोच वाटणे साहजिक आहे. पण पोहण्याचा पोशाखही येथे चालत नाही. कुंडात उतरण्यापूर्वी बादलीने अंगावर पाणी घेऊन स्वच्छ व्हावे, टॉवेल पाण्यात बुडवू नये आणि साबणाचा फेस कुंडात जाऊ देऊ नये. पाणी विलक्षण कढत असते. ते सोसत नसेल तर थंड पाण्याचा नळ सोडता येतो, मात्र आत कोणी स्थानिक बसले असेल तर आधी त्यांना विचारावे.

ओगामा या झऱ्याचे पाणी सुमारे 90 अंश सेल्सिअस तापमानाचे असून त्यात कोणी स्नान करत नाही. गावातल्या बायका जाळीच्या टोपल्यांतून भाज्या व अंडी आणून तेथे उकडतात. तेथील कुंडांशी जाण्याचा हक्क केवळ गावकऱ्यांना आहे. पर्यटकांनी कठड्याबाहेरून पाहावे. हे बंधन अपघात टाळण्यासाठी आहे, तसेच ते गावाचे वापरातले स्वयंपाकघर आहे म्हणूनही आहे.

बर्फ नसतानाचे महिने पुष्कळदा दुर्लक्षिले जातात, आणि निवांतपणा हवा असलेल्या प्रवाशाने नेमके तेच निवडावेत असे सुचवावेसे वाटते. मेच्या सुरुवातीला जवळच्या इइयामा परिसरात पिवळ्या फुलांची शेते बहरतात. एप्रिलअखेरीपासूनच्या ‘गोल्डन वीक’ या सुट्ट्यांच्या आठवड्यात मात्र सारे जपान प्रवासाला निघते. जून-जुलैमध्ये पावसाळा असतो. त्यानंतरच्या उन्हाळ्यात टोकियो उकाड्याने त्रस्त असताना उएनोताइरा पठारावरील बीचच्या जंगलात हवा सुखद असते आणि चालणे, सायकल चालवणे असे कार्यक्रम करता येतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून पाने रंग बदलू लागतात. रंग माथ्यावरून सुरू होऊन आठवड्यागणिक खाली उतरतो. नोव्हेंबरमध्ये नोझावाना या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पालेभाजीची काढणी होते. तिच्या हातभर लांब जुड्या सोतोयुच्या गरम पाण्यात धुऊन मग लोणच्यासाठी पिंपांत भरल्या जातात, तेव्हा काही कुंडांत माणसांऐवजी भाजी असते. गोंडोला व लिफ्ट दोन हंगामांच्या मधल्या काळात देखभालीसाठी बंद राहतात, म्हणून वसंत व शरद ऋतूंतल्या तारखा पक्क्या करण्यापूर्वी त्यांचे वेळापत्रक तपासावे.

टोकियोहून होकुरिकु शिनकानसेन या अतिजलद रेल्वेने इइयामा स्थानकापर्यंत सुमारे पावणेदोन ते दोन तास आणि तेथून बसने अर्ध्या तासाच्या आत गावात पोहोचता येते. हे स्थानक 2015 पासून सुरू असून काही जलद गाड्या तेथे थांबत नाहीत. तिकीट काढताना हाकुताका गाडी पाहावी. मोठे सामान कुरियरने थेट निवासस्थानी पाठवण्याची सोय जपानभर आहे, पण ते एक-दोन दिवस आधी रवाना करावे लागते. भारतीय पासपोर्टधारकांना जपानसाठी व्हिसा लागतो. रोख येन जवळ असावेत, कारण लहान दुकाने व निवासस्थाने सगळीकडेच कार्ड स्वीकारतात असे नाही.

शाकाहारी प्रवाशांनी जेवणाची चौकशी आरक्षणाच्या वेळीच करावी. जपानी स्वयंपाकात सुक्या माशाचा अर्क असलेला दाशी हा रस्सा सूप, भाज्या आणि सोबा नूडल्सच्या सारातही असतो, आणि ‘मांस नको’ एवढे सांगितल्याने तो वगळला जात नाही; मासे व दाशीसुद्धा नको असे स्पष्ट लिहून कळवावे. नोझावाना किंवा इतर भाज्यांचे सारण भरलेली ओयाकी ही भाकरीसारखी जाड पुरी नागानो भागात सर्वत्र मिळते. तीही घटक विचारूनच घ्यावी.