'शुगर होती म्हणून गेले' हे उत्तर अर्धंच आहे

दारावर बसायला गेलं की कोणीतरी हळूच विचारतंच, काय झालं होतं हो आप्पांना, आणि घरातलं कोणीतरी सांगतं की निमोनिया झाला, व्हेंटिलेटरवर होते, पण काय करणार, शुगर व्हती ना त्यास्ले. सगळे मान हलवतात आणि विषय तिथंच संपतो. जळगाव, धुळे, शहादा, कुठंही जा, हे वाक्य ऐकू येतं. मला ते फार खटकतं, कारण शुगरने निमोनियात नेमकं काय बिघडवलं हे कोणी सांगत नाही, आणि त्याच घोळक्यात बसलेला शुगरवाला माणूस मनात धरून बसतो की आपलंही शेवटी असंच होणार. आता देशात डायबेटिस असलेले लोक 10 कोटींच्या वर आहेत (2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचा आकडा), म्हणजे असा माणूस प्रत्येक घोळक्यात असणारच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोठं आजारपण आलं की जीव वाचणार का हे फक्त त्या आजारावर ठरत नाही, शरीराकडे शिल्लक किती आहे यावर पण ठरतं. धडधाकट माणसाचं हार्ट बसल्या जागी मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त फिरवतं आणि गरज पडली तर 20 लिटरपर्यंत नेऊ शकतं. किडनीचं तर असं आहे की एक दान केली तरी माणूस दुसरीवर आयुष्य काढतो, आणि गाळायची ताकद जवळपास निम्मी गेली तरी क्रिएटिनिनचा (किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्त तपासणीचा) रिपोर्ट बऱ्याचदा नॉर्मल येतो. म्हणजे वरून सगळं ठीक दिसतं, शेतात जातोय, बाजार करतोय, लग्नाच्या पंगतीत बसतोय, पण आतली शिल्लक संपत आलेली असते. शेतकऱ्याला हे लगेच कळेल, तीन फेजच्या मोटारीचा चालता चालता एक फेज गेला तरी लोड हलका असेल तर ती फिरत राहते, आणि लोड आला की जळते. निमोनिया, अपघात, मोठं ऑपरेशन, हार्ट अटॅक, हा असा लोड असतो. जुना आजार म्हणजे कोमॉर्बिडिटी, कोविडमध्ये हा शब्द घराघरात पोचला, पण तो कसं काम करतो हे मागेच राहिलं.

निमोनियाचंच उदाहरण घेऊ. इन्फेक्शन झालं की शरीर कॉर्टिसोल आणि ॲड्रेनालिन हे ताणाचे हार्मोन सोडतं, त्याने कोणाचीही साखर वाढते, शुगर नसलेल्याची पण. ज्याची आधीच 250 असते त्याची मग 400 च्या पुढे जायला वेळ लागत नाही. इतकी साखर असली की जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, त्या जागेवर पोचायला उशीर करतात आणि पोचल्या तरी जंतू नीट मारत नाहीत. वर जास्तीची साखर लघवीतून जाताना पाणी ओढून नेते, म्हणजे अंगातलं पाणी कमी, बीपी खाली, आणि बीपी खाली गेला की किडनीचं रक्त कमी. त्या किडन्या जर दहा वर्षांच्या शुगरने आधीच दमलेल्या असतील तर त्या आधी बसतात. म्हणजे सुरुवात फुफ्फुसात झाली आणि दोन दिवसांत डायलिसिसची गोष्ट निघाली, आणि घरच्यांना वाटतं हे काय नवीनच.

आता डॉक्टरची अडचण बघा. अशा पेशंटला सलाईन भरभर द्यावं लागतं, नाहीतर बीपी वर येत नाही. पण त्याचं हार्ट कमजोर असेल तर तेच पाणी फुफ्फुसात साचतं आणि दम वाढतो. कमी दिलं तर किडनी जाते, जास्त दिलं तर श्वास जातो. एकच आजार असता तर जो उपचार सरळ होता तो दोन आजारांच्या मध्ये अरुंद वाटेसारखा होऊन बसतो.

आणि जुना आजार नवीन आजाराला लपवतो सुद्धा. बऱ्याच वर्षांच्या शुगरने नसा बधिर होतात, त्यामुळे काही लोकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखतच नाही, नुसता घाम, मळमळ, थकवा, आणि घरात म्हणतात ॲसिडिटी असेल, सोडा पाजा. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल (बीपी-हार्टच्या, नाडी मंद करणाऱ्या गोळ्या) चालू असलेल्या माणसाची नाडी गंभीर इन्फेक्शनमध्येही तितकी पळत नाही, बघणाऱ्याला वाटतं नाडी 80 आहे म्हणजे ठीक आहे. यात गेलेले तास परत मिळत नाहीत.

आता मला जे खरं सांगायचंय त्यावर येतो. 1987 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या डॉ. मेरी चार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात ॲडमिट झालेल्या 559 पेशंटचा वर्षभर हिशोब ठेवला, कोणाला आधीपासून काय आजार होते आणि वर्षभरात कोण गेलं. त्यावरून त्यांनी प्रत्येक जुन्या आजाराला वजन दिलं. साध्या शुगरला 1, शुगरने डोळे-किडनी बिघडल्या असतील तर 2, लिव्हर बरंच खराब असेल तर 3, पसरलेल्या कॅन्सरला 6, एड्सला 6. बेरीज शून्य असलेल्यांपैकी वर्षात 12 टक्के गेले आणि 5 किंवा जास्त बेरीज असलेल्यांपैकी 85 टक्के. हा स्कोअर आजही जगभर वापरतात.

पण पुढची गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. 2011 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी नवीन डेटा घेऊन हीच वजनं पुन्हा काढली आणि सहा देशांच्या हॉस्पिटलांच्या आकड्यांवर तपासली, तर एड्सचं वजन 6 वरून 4 वर आलं, कारण मधल्या काळात एचआयव्हीची औषधं आली. आणि साध्या, गुंतागुंत नसलेल्या शुगरचं वजन झालं शून्य. शून्य! म्हणजे बाकीचं सगळं हिशोबात धरल्यावर, नुसती शुगर असण्याने मृत्यूचा अंदाज बदलेना. शुगरने किडनी, डोळे, नसा धरल्या असतील तर मात्र वजन उरलं. म्हणून म्हणतो की 'शुगर होती' हे अर्धं उत्तर आहे, किती वर्षं होती, कशी ठेवली होती, आणि कुठं कुठं पोचली होती हे उरलेलं अर्धं. हे असे स्कोअर हजारो लोकांच्या गटाबद्दल सांगतात, समोरच्या एका मावशीचं काय होईल ते सांगत नाहीत, त्यामुळे कोणी नुसता आकडा दाखवून आशा सोडा म्हणत असेल तर ते चूक आहे.

आपल्या भागाचं वेगळं काही आहे ते पण बोललं पाहिजे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो. त्यात बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल, जुलाब लागले असतील, आणि अंग दुखतं म्हणून मेडिकलवरून पेनकिलर आणून खाल्ली असेल, तर या तिन्हींनी मिळून चांगली किडनी सुद्धा बंद पडू शकते. उलट्या-जुलाब झाले तर कोणती गोळी थांबवायची आणि कोणती नाही हे उन्हाळ्याआधीच आपल्या डॉक्टरला विचारून ठेवा, स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. रावेर-यावलकडे किडनीच्या पेशंटचा अजून एक प्रश्न, केळी. एका केळ्यात 400 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, चांगली किडनी ते सहज बाहेर टाकते, पण डायलिसिसवाल्याच्या रक्तात ते साचलं तर हार्टचे ठोके बिघडतात, थेट थांबू पण शकतात. घरचीच केळी, आजारी माणसाला पौष्टिक म्हणून प्रेमाने दिली जातात, म्हणून हे स्पष्ट लिहितोय.

टीबीचं पण असंच. शुगर असलेल्याला टीबी होण्याचा धोका साधारण तिप्पट, आणि टीबीच्या उपचारात मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट. टीबी निघाला की शुगर तपासायची, आणि शुगरवाल्याचा खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासायची.

आणि नंदुरबार. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, पिढ्यान्‌पिढ्या आहे. नुसता वाहक (आई-बाप यांपैकी एकाकडूनच तो दोष आलेला) असलेल्याचं सहसा काही अडत नाही, पण ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्या मुलाची प्लीहा लहानपणीच वारंवार रक्त अडकून निकामी होते, आणि प्लीहा नसली की न्यूमोकोकस नावाचा जंतू काही तासांत जीव घेऊ शकतो. बाकीच्या पोरांना जो ताप दोन दिवस बघू म्हणून चालतो तोच ताप या पोरासाठी लगेच दवाखाना गाठायचं कारण असतो. पेनिसिलिन, न्यूमोकोकसची लस आणि हायड्रॉक्सियुरिया नावाची सिकलसेलची गोळी यांनी ही मुलं मोठी होतात, शिकतात, लग्न करतात. 1 जुलै 2023 ला केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालं त्यात तपासणीवर भर आहे, आणि तो बरोबरच आहे, कारण आजार माहीत नसेल तर त्या तापाकडे कोणी तसं बघणारच नाही.

मोठ्या माणसांतही माहिती नसण्यानेच फार नुकसान होतं. रात्री 108 ने पेशंट येतो, डॉक्टर विचारतात गोळ्या कोणत्या चालू आहेत, तर उत्तर मिळतं एक पांढरी आणि एक गुलाबी, फाईल गावाला राहिली. समजा क्रिएटिनिन आलं 2.4. जुन्या रिपोर्टमध्ये ते 2.2 असेल तर किडनीचा आजार बऱ्याच वर्षांचा आहे, आणि आजचा धोका बहुतेक दुसरीकडे शोधावा लागेल. जुना आकडा 0.9 असेल तर किडनी आत्ता, या दोन-तीन दिवसांत बसली आहे, कारण सापडलं तर ती परत चालू होऊ शकते आणि पेनकिलर, काही अँटिबायोटिक, सीटी स्कॅनचा डाय, सगळं जपून द्यावं लागतं. त्यामुळे शेवटचा क्रिएटिनिन, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), ईसीजी, टूडी इको (हार्टची सोनोग्राफी) असेल तर तो, आणि गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो, नाव आणि डोस दिसेल असे, घरातल्या दोन माणसांच्या मोबाईलमध्ये ठेवा. एक फोन पुण्यात नोकरीला असलेल्या पोराचा चालेल, पण दुसरा घरात राहणाऱ्याचाच हवा.