तपासणीला देणगी की तपासणीच्या शोधाला?

तोंडाच्या कर्करोगाच्या तपासणी शिबिराला पैसे दिले, की संध्याकाळी हिशेब मिळतो: इतके जण तपासले, इतक्यांना पुढे पाठवलं. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ‘लवकर निदाना’साठी देणगी देणारेही असाच आकडा मागतात, आणि इथेच गल्लत होते. या कर्करोगासाठी शिबिरात करण्याजोगी चाचणीच अजून नाही. पैसे जातात ती शोधायला.

सरसकट तपासणी का जमत नाही, ते साध्या गणितात दिसतं. अमेरिकेत वर्षाला १ लाखात साधारण १३ जणांना हा कर्करोग होतो. समजा, निरोग्यांपैकी फक्त १ टक्का लोकांना चुकून संशयित ठरवणारी चाचणी आली, तरी त्या १३ जणांपायी हजारभर धडधाकट माणसं स्कॅनच्या रांगेत उभी राहतील. म्हणूनच तिथल्या प्रतिबंधात्मक सेवा कार्यदल या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये, लक्षणं नसलेल्यांची तपासणी नको, हे पुन्हा बजावलं. (घराण्यात हा आजार असेल तर गोष्ट वेगळी.) आपल्याकडे हेल्थ चेकअपच्या पॅकेजात सीए १९-९ या, स्वादुपिंडाच्या कर्करोगात रक्तात वाढणाऱ्या घटकाची चाचणी सर्रास घुसडतात, त्याला काय म्हणावं? पित्ताचा खडा अडकून कावीळ झाली तरी तो घटक वाढतो, आणि काहींच्या शरीरात तो मुळी तयारच होत नाही.

संशोधनाचा पैसा आधी ही गर्दी कमी करायला लागतो. पॅनकॅन ही अमेरिकी संस्था पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांवर अभ्यास चालवते. अशांपैकी शंभरात जवळपास एकाला तीन वर्षांत हा कर्करोग आढळतो. त्यातही वय, चढती साखर आणि घटतं वजन यांना गुण देऊन जास्त धोक्याचे लोक निवडायचे आणि त्यांचाच स्कॅन करायचा. ब्रिटनमध्ये पॅन्क्रिअ‍ॅटिक कॅन्सर यूके या संस्थेने लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या श्वासचाचणीला ११ लाख पौंड दिले. पिशवीत फुंकर मारायची, त्यातली बाष्पशील रसायनं यंत्राने मोजायची. तीही सगळ्या गावासाठी नाही. पोटदुखी, उतरतं वजन अशी मोघम लक्षणं घेऊन फॅमिली डॉक्टरकडे आलेल्यांसाठी आहे.

तेव्हा अशा संस्थेला ‘किती जण वाचले?’ असं विचारण्यात अर्थ नाही. कोणत्या गटाचे नमुने जमवताय, आणि चाचणी नापास झाली तर तो निकालही छापणार का, हे विचारा. फसलेली चाचणी वेळीच जाहीर झाली, की पुढच्याचे पैसे तिच्यावर पुन्हा जात नाहीत.