रक्तगटाचा रिपोर्ट द्यायला आम्ही वेळ का घेतो?

लायसन्सचा फॉर्म, मुलांचं ओळखपत्र, सातपूर-अंबडच्या कंपनीत रुजू होणं; रक्तगट हवा असतो तो बहुतेक वेळा घाईतच. "बोटाला टोचा, काचपट्टीवर बघून सांगा." काचपट्टीवर फक्त तांबड्या पेशी तपासल्या जातात. आम्ही शिरेतून रक्त घेतो आणि सीरमही (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) उलट बाजूने तपासतो, म्हणजे ते माहीत असलेल्या गटाच्या पेशींत मिसळून गुठळ्या होतात का ते बघतो.

त्याचं कारण मुंबईत सापडलं. १९५२ साली डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांसह 'द लॅन्सेट'मध्ये एक शोधनिबंध छापला. काही जणांच्या पेशींवर गट ठरवणारी ए आणि बी ही द्रव्यं नव्हती, म्हणजे गट 'ओ' दिसत होता. पण त्यांचं सीरम ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करत होतं. ए आणि बी ज्या एच नावाच्या जोत्यावर उभे राहतात, ते जोतंच त्यांच्या पेशींवर नव्हतं. जगभर हा गट आज 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा तो असतो.

अशा माणसाला ओ गटाचं रक्त चढवलं तर जिवावर बेततं. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. रक्तपेढीत क्रॉसमॅच करताना (दात्याचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघताना) हे लक्षात येतंच, पण तेव्हा पेशंट टेबलावर असतो आणि दाता शोधायला वेळ नसतो. आधी कळलेलं केव्हाही बरं. म्हणून उलट तपासणीत आम्ही ए आणि बीबरोबर ओ पेशीही वापरतो.

हा गुण आई आणि वडील दोघांकडूनही यावा लागतो. त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न अशा नात्यातल्या घरांत तो दिसण्याची शक्यता वाढते. घरात एकाचा निघाला तर सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं. प्रत्येकाची शक्यता सहसा चारात एक असते. आई किंवा वडील एबी आणि मुलाचा रिपोर्ट 'ओ' आला, तरी घरात नको तो संशय काढू नका; एरवी असं सहसा होत नाही, पण मूल बॉम्बे गटाचं असू शकतं. आधी पूर्ण तपासणी करा.

उपाशीपोटी यायची गरज नाही. चार महिन्यांखालच्या बाळाच्या सीरममध्ये स्वतःची प्रतिपिंडं (परक्या पेशींच्या गुठळ्या करणारी द्रव्यं) पुरेशी नसतात, त्यामुळे त्याचा गट फक्त पेशींवरून देतो. नंतर पुन्हा तपासून घ्या. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर नमुना देण्याआधीच काउंटरवर सांगा, आणि जुना रिपोर्ट असेल तर सोबत आणा.