शीर्षकगीत आणि पार्श्वसंगीत: मालिकेच्या संगीतकाराची दोन निराळी कामे

कोल्हापुरातील एखाद्या कलावंताने दूरचित्रवाणी मालिकेसाठी काम केले, की ‘त्याने मालिकेला संगीत दिले’ एवढे म्हणून आपण थांबतो. वास्तविक या एका वाक्यात दोन वेगळी कामे मिसळलेली असतात. मालिका सुरू होताना ऐकू येते ते शीर्षकगीत, आणि पुढे प्रसंगांच्या खालून चालत राहते ते पार्श्वसंगीत. श्रेयनामावलीत पुष्कळदा या दोन कामांपुढे दोन वेगळी नावे असतात, तरी प्रेक्षक ती एकच समजतात. संगीतकाराची सर्जनशील वाटचाल समजून घ्यायची असेल, तर हा फरक आधी ध्यानात घ्यावा लागतो. कारण दूरचित्रवाणीने त्याच्यात काय बदल घडवला, याचे उत्तर दोन्ही ठिकाणी निराळे येते.

शीर्षकगीत बहुधा मालिका पडद्यावर येण्यापूर्वीच तयार होते. संगीतकाराच्या हाती कथेचा गाभा, गीतकाराचे शब्द आणि साधारण एका मिनिटाचा अवकाश एवढेच असते. ख्यालात, म्हणजे रागदारी गायनात, रागाचे रूप सावकाश उलगडता येते. येथे मात्र मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, पहिल्या काही क्षणांतच मनात बसला पाहिजे, कारण स्वयंपाकघरात असलेल्या माणसालाही मालिका सुरू झाल्याचे त्यावरूनच कळते. शिवाय तीच चाल महिनोन्महिने रोज ऐकली जाणार असल्यामुळे ती चटकन भिडणारी, पण लवकर न विटणारी असावी लागते. या दोन अपेक्षा एकत्र सांभाळणे किती अवघड असते, हे अशोक पत्की यांच्या वाटचालीवरून समजते. पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्यासोबत नाट्यसंगीताचे काम आणि पुढे जाहिरातींसाठी बांधलेल्या असंख्य जिंगल्स, अशी दुहेरी तालीम त्यांच्या पाठीशी होती. 1999 मध्ये सुरू झालेल्या ‘आभाळमाया’चे शीर्षकगीत त्यांनी देवकी पंडित यांच्या आवाजात घडवले, तेव्हा जिंगलमधला नेमकेपणा आणि भावगीतातला ठहराव त्यात एकत्र आले. मराठी मालिकांची शीर्षकगीते लोक स्वतंत्र गाणी म्हणून गुणगुणू लागले, त्यात पत्कींचा वाटा फार मोठा आहे.

पार्श्वसंगीताचा प्रवास याच्या उलट दिशेने होतो. ते दृश्याचे संकलन झाल्यानंतर जन्माला येते, आणि दृश्याची लांबी, पात्रांच्या बोलण्याची गती, त्यांचे थांबणे, हे सारे आधीच ठरलेले असते. संगीतकाराला स्वतःची लय त्या ठरलेल्या काळात बसवावी लागते. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कोठे येणार हे येथे तबलजी ठरवत नाही, पात्राची नजर कोठे वळते यावर ते ठरते. त्यातही दैनंदिन मालिकेत प्रत्येक भागासाठी नवे संगीत रचण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो. म्हणून सुरुवातीलाच मुख्य पात्रांच्या थीम, तणावाचे, विरहाचे आणि हलक्याफुलक्या प्रसंगांचे तुकडे ध्वनिमुद्रित करून ठेवतात, आणि पुढे ते गरजेप्रमाणे लावले जातात. हा साठा कितपत विचारपूर्वक केला आहे, यावर शंभराव्या भागातील संगीताचा कस अवलंबून असतो. प्रत्येक संवादानंतर तोच धक्क्याचा ठोका तीनतीनदा ऐकू येतो, तेव्हा बहुतेक वेळा मुळात साठाच तोकडा असतो.

कोल्हापूरच्या कानाला परिचित असलेले एक उदाहरण घेतो. कुस्तीच्या मैदानाचे वातावरण उभे करायचे, तर हलगी हे काडीने वाजवायचे चर्मवाद्य आणि घुमके हे खोल आवाजाचे वाद्य यांना पर्याय नाही. कोल्हापूरच्या तांबड्या मातीतली कथा सांगणाऱ्या मालिकेच्या शीर्षकगीतात हलगी पूर्ण जोमाने वाजली तरी काही बिघडत नाही, उलट पहिल्याच ठोक्याला गाव डोळ्यांसमोर येते. तीच हलगी संवादाखाली ठेवली, की अडचण सुरू होते. तिचा आवाज तीव्र आणि टोकदार असल्याने तो बोलण्यातील ‘च’, ‘ट’, ‘स’ यांसारख्या व्यंजनांना झाकून टाकतो, आणि वस्ताद पैलवानाला काय सांगत आहेत तेच ऐकू येत नाही. अशा वेळी जाणता संगीतकार घुमक्याचा खर्ज, म्हणजे खालचा स्वर, तेवढा संवादाखाली ठेवतो, आणि वाक्य संपल्यानंतरच्या मोकळ्या जागेत हलगीचा एखादाच तुकडा सोडतो. कोठे वाजवायचे नाही, ही समज शीर्षकगीत करताना फारशी लागत नाही. पार्श्वसंगीत मात्र तिच्यावाचून उभेच राहत नाही.

या दोहोंची गल्लत होण्याचे एक खरे कारणही आहे. शीर्षकगीताचीच चाल पुढे एखाद्या करुण प्रसंगी बासरीवर विलंबित होऊन येते, किंवा नायिकेच्या आनंदाच्या क्षणी सतारीवर द्रुत होते. चाल एकाची आणि तिची ती प्रसंगानुरूप मांडणी दुसऱ्याची, असे असू शकते. श्रेय मात्र सहसा चालीच्या कर्त्याकडे जाते. माझ्या मते हे अन्यायाचे आहे.

दोन्ही कामे एकाच हाताने करणाऱ्यांत वनराज भाटिया यांचे नाव आदराने घ्यावे लागते. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकून आलेल्या या संगीतकाराने जाहिराती केल्या, श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांना संगीत दिले, आणि 1988 मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘भारत एक खोज’साठी ऋग्वेदातील नासदीय सूक्त समूहस्वरांत बांधले. 53 भागांच्या त्या मालिकेत सिंधू संस्कृतीपासून स्वातंत्र्यलढ्यापर्यंतचा पट होता, त्यामुळे पार्श्वसंगीतालाही युगागणिक वेगळा पोत द्यावा लागला. त्याच वर्षी प्रक्षेपित झालेल्या ‘तमस’च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

माध्यम बदलताना संगीतकार घडत जातो, हे कोल्हापूरला नवीन नाही. गोविंदराव टेंबे यांनी गायक भास्करबुवा बखले यांची हार्मोनियमवर साथ केली, 1911 च्या ‘मानापमान’ या संगीत नाटकाला चाली दिल्या, आणि येथेच स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या 1932 मधील ‘अयोध्येचा राजा’ या चित्रपटात संगीत देऊन प्रमुख भूमिकाही केली. गायकाच्या मागे राहून त्याला उचलून धरणारी साथ आणि रंगभूमीवर स्वतंत्रपणे उभी राहणारी चाल, ही दोन्ही अंगे एकाच कलावंतात होती. मला साथीचे अंग पार्श्वसंगीताच्या अधिक जवळचे वाटते, आणि चांगल्या साथीदारांतूनच या क्षेत्रातले उत्तम संगीतकार निघतील अशी माझी धारणा आहे.

जयपूर-अत्रौली या गायनघराण्याची तालीम, देवल क्लब या येथील संगीतसंस्थेच्या मैफली, शाहिरी आणि भजनी मंडळे या वातावरणात वाढलेल्या येथील मुलांकडे चालींची वाण नाही. येथील चित्रनगरीत, म्हणजे चित्रीकरणाच्या संकुलात, आणि आसपासच्या गावांत मालिकांचे चित्रीकरण होऊ लागल्यापासून त्यांतील अनेकांना या कामाची ओढ वाटू लागली आहे. पण ही मुले नमुना म्हणून बहुधा आपले एखादे गाणेच घेऊन येतात. शीर्षकगीतासाठी तो नमुना योग्यच आहे. पार्श्वसंगीताचे काम हवे असेल, तर संवाद असलेले तीन-चार मिनिटांचे दृश्य घ्यावे, त्याला संगीत लावावे आणि ते ऐकवावे. ऐकणारा अनुभवी असेल, तर तो प्रथम संवाद स्पष्ट ऐकू येतात का हे पाहील, आणि चालीविषयी त्यानंतर विचारील.