तालुक्याच्या वेशीवर थांबणारा फोन: ‘लिमिटेड मोबिलिटी’ची पार्श्वभूमी

वायरलेस कम्युनिकेशनच्या जुन्या प्रश्नपत्रिका चाळल्या तर डब्ल्यूएलएल, म्हणजे वायरलेस इन लोकल लूप (एक्सचेंजपासून घरापर्यंत तारेऐवजी लहरींनी फोन जोडणे), यावर एखादी टीप हमखास सापडते. आता हा भाग बहुतेकदा दोन ओळींत उरकला जातो, आणि ते योग्य नाही. सेल (एका टॉवरचे क्षेत्र), हँडऑफ (चालू कॉल एका सेलमधून दुसऱ्यात सोपवणे), रोमिंग (आपल्या क्षेत्राबाहेरही सेवा मिळणे), स्पेक्ट्रम (वापरायला मिळणारे लहरींचे पट्टे) या गोष्टींना भारतात जे मोल आले, ते बरेचसे २००१ ते २००३ या काळात डब्ल्यूएलएलवरून लँडलाइन आणि मोबाइल कंपन्यांत झालेल्या भांडणातून आले. या विषयाचा पाया समजून घ्यायला आपल्याकडे याहून चांगले प्रत्यक्ष उदाहरण नाही.

बिनतारी संदेशवहन देशात त्याच्या कितीतरी आधी आले होते. १९०२ मध्ये हुगळीच्या मुखाजवळचे सागर बेट आणि सँडहेड्स यांच्यात बिनतारी तारायंत्र चालू झाले, तर १९२७ मध्ये खडकी आणि दौंड इथल्या केंद्रांवरून थेट इंग्लंडशी दुवा जोडला गेला. पण हे सगळे ठरलेल्या दोन ठिकाणांमधले बोलणे होते. त्याच लहरी लाखो लोकांनी एका वेळी कशा वापरायच्या, हा प्रश्न आपल्यापुढे खऱ्या अर्थाने आला तो ३१ जुलै १९९५ नंतर, कोलकाता आणि दिल्ली यांच्यात पहिला मोबाइल कॉल झाल्यावर. तेव्हाचा मोबाइल श्रीमंतांचा होता. कॉल घेणाऱ्यालाही पैसे पडत.

सामान्य घराचा प्रश्न वेगळाच होता. टेलिफोन एक्सचेंजपासून घरापर्यंतची तांब्याची तार, म्हणजेच लोकल लूप, हा सगळ्यात महागडा भाग. नव्वदच्या दशकात एका जोडणीचा खर्च तीस-चाळीस हजार रुपयांच्या घरात जाई आणि फोनसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. चेन्नईतल्या एका तंत्रशिक्षण संस्थेतील अभ्यासकांनी यावर देशी उपाय काढला. घराच्या भिंतीवर छोटा संच, छपरावर अँटेना, समोर टॉवर, आणि बोलणे चालू असतानाच सेकंदाला ३५ किलोबिटच्या वेगाने इंटरनेट. फोन मात्र घरातच. मूळचे डब्ल्यूएलएल ते हे: तारेच्या जागी लहरी.

२५ जानेवारी २००१ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही व्याख्या ताणली. लँडलाइनचा परवाना असलेल्या कंपन्यांना ग्राहकाच्या हातात फिरता हँडसेट द्यायची मुभा मिळाली. अट एकच: फोन एका शॉर्ट डिस्टन्स चार्जिंग एरियाच्या आतच चालावा. म्हणूनच याला ‘लिमिटेड मोबिलिटी’, म्हणजे मर्यादित फिरती, म्हणत. हे क्षेत्र साधारण एका तालुक्याएवढे असते आणि त्याची खूण म्हणजे एसटीडी कोड. पुणे आणि पिंपरी-चिंचवडला ०२०, तळेगाव-लोणावळ्याला ०२११४. म्हणजे पुण्याचा असा फोन तळेगावात मुका व्हायला हवा होता. दर मात्र लँडलाइनचाच, तीन मिनिटांना १ रुपया २० पैसे. मोबाइल कंपन्या खवळल्या यात नवल नाही. त्यांनी परवान्यासाठी मोठ्या रकमा मोजल्या होत्या, आणि त्याच वर्षी चौथ्या मोबाइल परवान्याचा लिलावही झाला. इकडे डब्ल्यूएलएलचे स्पेक्ट्रम लिलावाविना, जो आधी येईल त्याला आधी, या तत्त्वावर दिले जात होते.

इथे तंत्राकडे वळावे लागते, कारण भांडणाचे मूळ तिथे आहे. मोबाइल कंपन्या जीएसएम हे वेळ वाटून देणारे तंत्र वापरत. त्यात २०० किलोहर्ट्झच्या एका वाहक लहरीवर आठ वेळखाचे असतात आणि आठ ग्राहक आळीपाळीने बोलतात. शेजारच्या सेलला तीच फ्रिक्वेन्सी देता येत नाही, म्हणून फ्रिक्वेन्सींची वाटणी करून नकाशा आखावा लागतो. डब्ल्यूएलएलवाल्यांनी सीडीएमए हे कोड वाटून देणारे तंत्र निवडले. त्यात १.२५ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात सगळे एकदम बोलतात, प्रत्येकाचा कोड वेगळा, आणि तोच पट्टा प्रत्येक टॉवरवर वापरता येतो. याची किंमत दुसरीकडे द्यावी लागते. टॉवरजवळच्या फोनचा जोर जरा जास्त झाला की लांबचा फोन त्यात बुडतो, म्हणून टॉवर प्रत्येक फोनची पॉवर सेकंदाला ८०० वेळा कमी-जास्त करायला लावतो. एका सेलमधून दुसऱ्यात जाताना फोन काही काळ दोन्ही टॉवरशी जोडलेला राहतो, त्यामुळे कॉल सहसा तुटत नाही.

थोडक्यात, हे तंत्र चालत्या माणसासाठी, धावत्या गाडीसाठीच घडवलेले होते. तालुक्याची हद्द लहरींना कळत नाही. ती स्विचमधल्या, म्हणजे कॉल जोडणाऱ्या यंत्रातल्या, नोंदींत घालावी लागते: हा ग्राहक या क्षेत्राचा, त्याला अमुक टॉवरवर सेवा द्यायची, तमुक टॉवरवर नाकारायची. पूर्ण क्षमतेचे मोबाइल जाळे उभारायचे आणि मग सॉफ्टवेअरने त्याचे पाय बांधायचे, असा हा प्रकार होता. ही मर्यादा टिकणार नाही हे निर्णय घेणाऱ्यांना, कंपन्यांना आणि अभियंत्यांना, सगळ्यांना दिसत असणार असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि ती टिकली नाहीच. एकाच हँडसेटची अनेक क्षेत्रांत नोंदणी करायची आणि मूळ नंबरवर येणारा कॉल आपोआप दुसऱ्या क्षेत्रातल्या नंबरवर वळवायचा, ही युक्ती चालू झाली. तांत्रिकदृष्ट्या ते रोमिंग नव्हते. ग्राहकाला मात्र फोन पुण्यातही लागे आणि मुंबईतही. २००३ च्या पावसाळ्यात सुरुवातीला फक्त ५०१ रुपये भरून हँडसेट मिळू लागला, आणि वायरमन, रिक्षावाले, भाजीवाले यांच्या हातात पहिल्यांदा फोन आला. त्याआधी, मे २००३ पासून, मोबाइलवर इनकमिंग मोफत झाले होते. दर पाडण्यात या स्पर्धेचा वाटा मोठा होता, हे नियम वाकवल्याचा राग असलेल्यांनीही मान्य करायला हवे.

मोबाइल कंपन्यांनी डब्ल्यूएलएलविरुद्ध भरलेला खटला दरम्यान चालूच होता. दूरसंचार अपील न्यायाधिकरणाने २००२ मध्ये त्यांची तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. ऑगस्ट २००३ मध्ये न्यायाधिकरणाने बहुमताने डब्ल्यूएलएल वैध ठरवले, पण फोन ठरलेल्या क्षेत्रातच राहिला पाहिजे, असेही बजावले. एका सदस्याचे मत विरोधात होते. नोव्हेंबरमध्ये सरकारने वादाचे कारणच काढून टाकले: लँडलाइन आणि मोबाइल यांचा एकच युनिफाइड परवाना. डब्ल्यूएलएल कंपन्यांनी दोन परवान्यांच्या शुल्कातील फरकाची रक्कम भरायची आणि रीतसर मोबाइल कंपनी व्हायचे. एकीला आधीच्या फिरतीबद्दल वेगळा दंडही भरावा लागला. ऑक्टोबर २००४ मध्ये देशातील मोबाइल जोडण्या लँडलाइनपेक्षा जास्त झाल्या.

युनिफाइड परवान्यासोबत एक गोष्ट चिकटून आली, आणि विद्यार्थ्यांनी ती नीट पाहावी. परवाना घेतला की सुरुवातीचे स्पेक्ट्रम त्यातच मिळे: जीएसएमला ४.४ मेगाहर्ट्झची जोडी (एक पट्टा फोनकडून टॉवरकडे, एक टॉवरकडून फोनकडे), सीडीएमएला २.५ मेगाहर्ट्झची. सीडीएमए कमी जागेत जास्त ग्राहक बसवते, हे त्यामागचे गणित. देशभराच्या परवान्याचा दर १,६५८ कोटी रुपये धरला गेला, म्हणजे २००१ च्या लिलावातला. तोच दर २००८ मध्येही लावला गेला. पुढचे सर्वांना माहीत आहे: २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिलेले १२२ परवाने रद्द केले, आणि स्पेक्ट्रम परवान्यापासून वेगळे करून लिलावाने विकायचे हे पक्के झाले.

तंत्राच्या लढाईचा निकाल मात्र कोणाच्याच बाजूने सरळ लागला नाही. जीएसएमवाल्यांनी ३जी आणले तेव्हा त्यातील रेडिओचा भाग कोड वाटण्याच्या तत्त्वावरच बेतलेला होता. ४जीने ते तत्त्वही सोडले आणि एक रुंद पट्टा अनेक बारीक उपवाहकांत विभागून वापरायला सुरुवात केली. सीडीएमएची जाळी २०१६-१७ च्या सुमारास बंद पडली. त्यांचा ८२४ ते ८४४ आणि ८६९ ते ८८९ मेगाहर्ट्झचा पट्टा ४जीकडे गेला. कमी फ्रिक्वेन्सीमुळे तो लांब पोचतो आणि भिंतींतूनही बरा शिरतो, म्हणून खेड्यांत आणि इमारतींच्या आत रेंज देण्यासाठी आज तो उपयोगी पडतो.