वाहनतळावरील अपघात : दोषनिश्चिती आणि विमा

मॉल, रुग्णालय, हॉटेल वा गृहसंकुलाच्या वाहनतळावर गाडी लावताना-काढताना दुसरे वाहन, खांब किंवा माणूस यांना धक्का लागल्यास चूक कोणाची आणि खर्च कोणाच्या विम्यातून, याचा निर्णय. भारतात त्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८, वाहनचालनाचे २०१७ चे विनियम आणि पॉलिसीच्या अटी एकत्र वाचूनच उत्तर मिळते.

पहिला वाद जागेचा. दुसऱ्याला झालेल्या इजा-नुकसानीची भरपाई देणारा तृतीय पक्ष विमा (बोलीभाषेत ‘थर्ड पार्टी’) कलम १४६ नुसार सक्तीचा आहे तो सार्वजनिक जागी वाहन वापरण्यासाठी. मग ‘हे आमचे खासगी आवार आहे’ असा बचाव पुढे येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्ये, जुन्या कायद्याखालच्या प्रकरणात, ‘सार्वजनिक जागा’ ही संज्ञा व्यापक धरली : लोकांना कोणत्याही कारणाने ये-जा करता येते, मग त्या प्रवेशावर नियंत्रण का असेना, ती जागा सार्वजनिक. पावती देऊन आत सोडणारे मॉलचे तळघर या व्याख्येत सहज बसते.

दोष ठरवताना ‘उभ्या गाडीला धडकणारा चुकला’ हे ठोकताळ्याचे उत्तर बहुतेक वेळा बरोबर असते, पण नेहमी नाही. वळणावर किंवा रॅम्पच्या तोंडाशी आडवी लावलेली गाडीही अपघाताला हातभार लावते. तिच्या मालकाच्या भरपाईतून तेवढा वाटा वजा होऊ शकतो. रिव्हर्स घेणाऱ्यावर सर्वाधिक जबाबदारी असते : मागे कोणाला धोका वा अडथळा नाही याची खात्री करूनच गाडी मागे घ्यायची. समोरासमोरच्या रांगांतून दोघेही एकाच वेळी मागे आले, तर दोष सहसा विभागला जातो. सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे आणि अरुंद चढावर उतरणाऱ्याने थांबावे, हे रस्त्यावरचे संकेत वाहनतळातही उपयोगी पडतात. वॉचमनने ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणून हात हलवला, एवढ्याने चालक सुटत नाही.

सीसीटीव्हीचे चित्रण हा सर्वांत भक्कम पुरावा. ते काही दिवसांनी पुसले जाते, म्हणून व्यवस्थापनाकडे त्याच दिवशी लेखी मागणी करावी. कोणी जखमी झाल्यास कलम १३४ प्रमाणे त्याला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे चालकावर बंधनकारक आहे.

केवळ पत्र्याचे नुकसान असेल, तर व्यवहारात दोषाचा प्रश्न बाजूलाच पडतो. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून दुरुस्तीचे पैसे मागता येतात. खासगी मोटारीच्या पॉलिसीत अशा मालमत्ता-नुकसानीची मर्यादा सामान्यतः ७.५ लाख रुपये असते. पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावे लागते. बंपरसाठी तारखा कोण खाणार? म्हणून ज्याच्याकडे ‘फुल इन्शुरन्स’ (स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणारा विमा) असतो, तो आपल्याच कंपनीकडे क्लेम करतो. नुसता थर्ड पार्टी विमा असणाऱ्याला ही वाट नसते.

स्वतःच्या विम्यातूनही सगळे पैसे मिळत नाहीत. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला पहिले १,००० रुपये सक्तीने मालकाचे. प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा, ‘झिरो डेप’ (घसारा न कापण्याचे जादा संरक्षण) घेतले नसेल तर. शिवाय चूक समोरच्याची असली, तरी क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि लोकांना सर्वांत जास्त खटकते ते हेच. समजा, बोनस धरण्याआधीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १०,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के, म्हणजे भरायचे ५,०००. क्लेमनंतर पुढच्या वर्षी पूर्ण १०,००० आणि त्यानंतर, क्लेम नसल्यास, २० टक्के बोनस धरून ८,००० भरावे लागतील. दोन वर्षांतच ८,००० रुपये जादा गेले. पाच-सहा हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी क्लेम न करणे हाच इथे शहाणपणाचा हिशेब.

जागेवरच मिटवताना एक अट सहसा कोणी वाचलेली नसते. प्रमाणित पॉलिसीनुसार कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही आणि भरपाई देऊ करायची नाही. ‘माझी चूक, खर्च देतो’ असे कागदावर लिहून दिल्यास पुढे क्लेम अडकू शकतो.

वाहनतळचालकाचा प्रश्न निराळा. पावतीवर ‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले असते. मोकळ्या जागेत आपली आपण गाडी लावली आणि किल्ली खिशात ठेवली, तर वाहनतळचालकाला जबाबदार धरणे अवघड. किल्ली व्हॅलेच्या (गाडी लावून देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) हाती दिली की चित्र बदलते. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात १९९८ मध्ये अशी सोपवलेली मारुती झेन चोरीला गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले की ताबा घेतल्यावर हॉटेलवर वाजवी काळजीचे बंधन येते. ती घेतली होती हे दाखवल्याशिवाय पावतीवरच्या ओळीचा आसरा घेता येत नाही. त्या खटल्यात मालकाला पैसे देऊन मोकळी झालेली विमा कंपनीच हॉटेलविरुद्ध दाद मागत होती.